आलातुर्का की आलाफ्रांगा: तुर्क माणूस युरोपीय आहे का?

तुर्की भाषेत संडासाचे दोन प्रकार आहेत. उकिडवं बसायचं ते 'आलातुर्का' आणि कमोडचं ते 'आलाफ्रांगा'. आलाफ्रांगा म्हणजे फिरंगी पद्धतीचं. हा शब्द आपल्या नात्यातलाच आहे. फ्रँक लोकांवरून फारसीत 'फरंगी' झालं, तेच मराठीत 'फिरंगी'. खरी गंमत पहिल्या शब्दात आहे. आलातुर्का म्हणजे 'तुर्कांच्या पद्धतीचं', पण शब्दाची घडण इटालियन आहे. तुर्क माणूस वाडवडिलांपासून चालत आलेल्या पद्धतीला ज्या नावाने ओळखतो, ते नाव परक्याच्या तोंडचं. हसू नका. आपला प्लंबरही 'इंडियन बसवू की वेस्टर्न' असंच विचारतो.

संगीत, चालीरीती, जेवायला बसण्याची रीत, सगळ्याला हीच दोन लेबलं लागत. घड्याळसुद्धा दोन प्रकारचं होतं. आलातुर्का वेळेत सूर्य मावळला की बारा वाजायचे आणि तिथून नवा दिवस मोजायचा. १९२६ पासून ती वेळ गेली आणि युरोपची आली.

'तुर्क युरोपीय आहेत का?' हा प्रश्न निघाला की लोक पहिल्यांदा नकाशा काढतात. तुर्कस्तानची (२०२२ पासून संयुक्त राष्ट्रांत अधिकृत नाव 'तुर्किये') जेमतेम तीन टक्के जमीन युरोपात आहे, बाकी अनातोलिया, म्हणजे आशिया. मग उत्तर 'नाही' असं द्यावंसं वाटतं. पण सायप्रस २००४ पासून युरोपीय संघाचा सभासद आहे, आणि त्याची राजधानी निकोसिया अंकाराच्याही पूर्वेला आहे. दुसरीकडे, १९८७ साली तुर्कस्तान आणि मोरोक्को या दोघांनी सभासदत्व मागितलं. मोरोक्कोला 'तुम्ही युरोपीय देश नाही' म्हणून परत पाठवलं. तुर्कस्तानला तसं कुणी म्हटलं नाही. त्याला थांबायला सांगितलं, आणि तो अजून थांबलेला आहे. तेव्हा नकाशा घडी घालून ठेवा, त्याने काही सुटत नाही.

नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: तुर्क हे मूळचे आशियातले, मुसलमान. मग अतातुर्क नावाचा एक करारी माणूस आला आणि त्याने त्यांना हाताला धरून युरोपकडे ओढत नेलं. ही गोष्ट मला अर्धवट वाटते. 'आम्ही तुर्क' ही ओळखच मुळी युरोपात घर गमावलेल्या लोकांनी, युरोपशी लढता लढता आणि युरोपकडे बघत बघत घडवली. हे नीट कळलं की पुढचं सगळं, अगदी आजचं रुसणं-फुगणंही, कळतं.

आधी नावापासून सुरुवात करू. विजापूरच्या किल्ल्यावरची मुलूख-ए-मैदान तोफ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणाऱ्या तुर्काच्या नावापुढे 'रूमी' असं आहे. रूमी म्हणजे रूमचा, आणि रूम म्हणजे रोम! उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या मुलखाला आपल्याकडे तेव्हा रूम म्हणत, कारण ती जमीन आधी पूर्व रोमन साम्राज्याची होती. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमदने 'कैसर-ए-रूम', रोमचा सीझर, अशी पदवीच लावली. राज्य तुर्की बोलणाऱ्या घराण्याचं, पण त्याला स्वतःला 'तुर्कांचं राज्य' म्हणवून घ्यायची मुळीच हौस नव्हती. राजधानीतल्या सुशिक्षितांच्या लेखी 'तुर्क' म्हणजे अनातोलियातला अडाणी, रांगडा शेतकरी. आपल्याकडे शहरी माणूस 'गावंढळ' ज्या सुरात म्हणतो, तोच सूर.

आणि हे साम्राज्य युरोपात उपरंही नव्हतं. इस्तंबूल हाती येण्याआधी एदिर्ने ही राजधानी होती, तीही युरोपातल्या भूमीवर. सोफिया चौदाव्या शतकात उस्मानी झालं, आणि आज तुर्कस्तानात असलेलं दियारबाकिर १५१५ च्या सुमारास. म्हणजे बाल्कन हा यांचा जुना वाडा आणि पूर्व अनातोलिया ही मागाहून घेतलेली जमीन. बाल्कनच्या भागाला ते 'रुमेली' म्हणत, पुन्हा तेच रूम.

एकोणिसाव्या शतकात हा जुना वाडा खोली खोली करून जाऊ लागला. ग्रीस, सर्बिया, रोमानिया, बल्गेरिया एकेक करून सुटले. दरबाराने सुधारणा आरंभल्या, १८३९ च्या फर्मानाने कायद्यापुढे समानतेची वाट उघडली, १८५६ च्या पॅरिस तहात उस्मानी राज्याला युरोपच्या राष्ट्रमंडळात जागाही मिळाली. त्याच काळात त्याला 'युरोपचा आजारी माणूस' म्हटलं जाऊ लागलं. शिवीच ती, पण शिवी देणाऱ्यांनीही त्याला आजारी म्हटलं ते 'युरोपचा' म्हणून.

१९०४ मध्ये युसुफ आक्चुरा या लेखकाने कैरोतल्या एका वृत्तपत्रात रोखठोक प्रश्न विचारला. राज्य वाचवायचं तर कोणत्या धाग्याने बांधायचं? सगळ्या धर्मांच्या प्रजेला 'उस्मानी' म्हणून, सगळ्या मुसलमानांना 'इस्लाम' म्हणून, की तुर्की बोलणाऱ्यांना 'तुर्क' म्हणून? आक्चुरा स्वतः रशियातला तातार. तिसरा पर्याय तेव्हा जवळजवळ विचित्रच वाटावा असा होता.

तो आठ-दहा वर्षांत एकमेव का उरला, याचं उत्तर सालोनिकात आहे, आजच्या ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत. आपल्या राजकारणात बंडखोर तरुणांना 'तरुण तुर्क' म्हणतात, त्या मूळच्या तरुण तुर्कांचं केंद्र इथे होतं. १९०८ ची त्यांची क्रांती मॅसिडोनियात पेटली. मुस्तफा केमालचा, म्हणजे पुढच्या अतातुर्कचा, जन्म १८८१ मध्ये सालोनिकातच झाला. त्याच्या बरोबरचे अनेक अधिकारीही रुमेलीचे. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध सुरू झालं आणि काही आठवड्यांत पाचशे वर्षांचा मुलूख गेला. नोव्हेंबरात सालोनिका ग्रीकांच्या हाती पडलं. केमालची आई आणि बहीण निर्वासित होऊन इस्तंबूलला आल्या. लाखो मुसलमान कुटुंबं अशीच बैलगाड्यांतून, जहाजांतून पूर्वेकडे सरकली. या लोकांना 'मुहाजिर' म्हणतात, आणि आजही तुर्कस्तानात पणजोबा बोस्निया, अल्बानिया किंवा बल्गेरियाहून आलेले असणं ही अगदी सर्रास गोष्ट आहे.

थोडक्यात, तुर्क राष्ट्राच्या शिल्पकारांसाठी युरोप म्हणजे दूरचं स्वप्न नव्हतं. ते त्यांचं माहेर होतं, आणि तिथून त्यांना हुसकावून लावलेलं होतं.

या हुसकावण्याला दुसरी बाजू आहे. ती टाळून तुर्क ओळखीबद्दल बोलता येत नाही. १९१५ पासून अनातोलियातल्या अर्मेनियन लोकांना मारलं गेलं, वाळवंटाकडे हाकललं गेलं. बहुतेक इतिहासकार आणि अनेक देश याला वंशसंहार म्हणतात, तुर्कस्तानचं सरकार आजही तो शब्द मान्य करत नाही. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले, चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात आले. निकष भाषा नव्हता, धर्म होता. त्यामुळे करामानली नावाचे ख्रिस्ती, ज्यांची मातृभाषा तुर्की, जे ग्रीक अक्षरांत तुर्कीच लिहीत, त्यांना 'ग्रीक' ठरवून पाठवलं. क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान 'तुर्क' ठरून आले. दोन्हीकडे उतरलेल्यांना शेजाऱ्याची भाषा येत नव्हती. फाळणी आठवणाऱ्या आपल्या लोकांना यातलं दुःख वेगळं समजावायची गरज नाही. त्यातली विसंगतीही पहा: धर्म राज्याबाहेर काढायला निघालेल्या प्रजासत्ताकाने आपला माणूस कोण, हे धर्मावरूनच ठरवलं.

कागदावर मात्र व्याख्या उदार होती. १९३३ च्या भाषणात अतातुर्कने म्हटलं, 'जो स्वतःला तुर्क म्हणवतो, तो किती सुखी!' 'जो तुर्क आहे' असं नाही, 'जो म्हणवतो' असं. आजच्या राज्यघटनेचं ६६ वं कलमही नागरिकत्वाच्या नात्याने राज्याशी जोडलेला प्रत्येक जण तुर्क, असंच सांगतं. अडचण झाली ती 'म्हणवायचं नाही' म्हणणाऱ्यांची, सगळ्यात जास्त कुर्दांची. त्यांच्या भाषेला कित्येक दशकं जागाच नव्हती.

हॅट, अक्षरं आणि एक दात

तुर्कस्तानचं राष्ट्रगीत मार्च १९२१ मध्ये स्वीकारलं गेलं, ऐन युद्धात. ग्रीक फौजा अनातोलियात घुसलेल्या, इस्तंबूल दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात, आणि आधल्या वर्षी सेव्ह्रच्या तहात देशाचे लचके तोडून वाटण्या लिहून झालेल्या. त्या गीताच्या एका कडव्यात 'सभ्यता' म्हणवणाऱ्या पाश्चात्त्य शक्तीला 'एकच दात उरलेला राक्षस' म्हटलं आहे. समारंभात पहिली दोनच कडवी गातात, त्यामुळे राक्षस सहसा ऐकू येत नाही. युद्ध जिंकलं, १९२३ मध्ये लोझानचा तह झाला, प्रजासत्ताक आलं. आणि लगेच सरकारने सांगितलं, आपल्याला समकालीन सभ्यतेच्या पातळीवर पोहोचायचं आहे. म्हणजे त्याच राक्षसाच्या. गीत लिहिणारे मेहमेत आकिफ एर्सॉय इजिप्तला निघून गेले, ते थेट १९३६ मध्ये, मरणाच्या वर्षी, परतले.

ज्याला हरवलं त्याच्यासारखं व्हायचं. हा विरोधाभास कसा पचवायचा, याची तोड झिया गोकाल्प या विचारवंताने आधीच काढून ठेवली होती. संस्कृती ही राष्ट्राची आपली, सभ्यता ही सगळ्यांची सामाईक, असं तो म्हणे. रेल्वे, कायदा, विज्ञान घेतल्याने आपण परके होत नाही, आपली गाणी, भाषा, नीती जपली की झालं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात हाच वाद किती रंगला होता! फरक एवढाच की आपल्यावर राज्य करणारा समोर बसलेला होता, त्यांच्यावर कुणी राज्य करत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला बदललं, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरा कुणी नाही.

मग बदलांचा धडाका सुरू झाला. १९२४ मध्ये खिलाफत गेली (इकडे भारतात तिच्यासाठी आंदोलन चालू होतं, त्याच्या पायाखालची जमीनच गेली). १९२६ मध्ये स्वित्झर्लंडचा नागरी कायदा जवळजवळ जसाच्या तसा उचलला, बहुपत्नीत्व बंद झालं. १९३४ मध्ये बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं. ज्या स्वित्झर्लंडचा कायदा आणला, तिथल्या बायकांना ते १९७१ मध्ये मिळालं. हे तुर्क लोक आवर्जून सांगतात, आणि का सांगू नये?

हॅटची गोष्ट तर थांबून सांगण्यासारखी. १९२५ मध्ये कायद्याने फेझ, म्हणजे आपण जिला 'तुर्की टोपी' म्हणतो ती, बंद झाली आणि हॅट आली. निदर्शनं झाली, काहींना फासावर चढवलं. टोपी ही धर्माची, परंपरेची खूण आहे असं विरोधकांना वाटत होतं. पण ही परंपरा किती जुनी? सुलतान दुसऱ्या महमूदने १८२९ मध्ये पागोटी काढायला लावून फेझ आणली होती, तेव्हाची ती 'सुधारणा' होती. पुढे फेझ मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रियातून येत. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केल्यावर उस्मानी प्रजेने ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार टाकला, त्यात फेझही आल्या. परंपरेची टोपी अशी युरोपातून यायची.

१९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, तीही काही महिन्यांत. ज्यांच्या घरात मोडीतले कागद आहेत आणि वाचता येणारं कुणी नाही, त्यांना याची कल्पना येईल, पण आपली मोडी हळूहळू विझली, त्यांची लिपी कायद्याने एका हिवाळ्यात गेली. नातवाला आजोबांच्या थडग्यावरचं नाव वाचता येईना. पाठोपाठ भाषाशुद्धी झाली, अरबी-फारसी शब्द काढून 'शुद्ध तुर्की' शब्द घडवले. शाळेसाठीचा 'मेक्तेब' गेला आणि 'ओकुल' आला. ओकुलचं मूळ 'वाचणं' या तुर्की धातूत आहे, पण तो फ्रेंच 'एकोल'शी जुळावा अशा बेताने घडवलेला. 'ओकुल' हा शब्द मला या सगळ्या प्रकल्पाची वामनमूर्ती वाटतो: अस्सल तुर्की असल्याचा आग्रह, आणि कान फ्रेंचकडे.

दारात

दुसऱ्या महायुद्धानंतर दारं एकामागून एक उघडली. १९४९ मध्ये युरोप परिषद, १९५२ मध्ये नाटो. १९६३ मध्ये अंकाराचा करार झाला तेव्हा युरोपीय आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हाल्श्टाइन यांनी 'तुर्कस्तान युरोपचा भाग आहे' असं जाहीर सांगितलं. शीतयुद्धात सोव्हिएत सीमेवर फौज उभी करणारा देश युरोपीय वाटणं स्वाभाविकच. फुटबॉलमध्ये तो युएफात, म्हणजे युरोपच्या संघटनेत, आहे, युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेत १९७५ पासून गायला, २००३ मध्ये जिंकला आणि २०१२ नंतर स्वतःहून बाहेर पडला.

१९९६ पासून युरोपीय संघाशी कस्टम्स युनियन आहे. कारखान्यांचा माल जकातीशिवाय जातो. बुर्सात तयार झालेली गाडी बिनदिक्कत जर्मनीत पोहोचते, ती बनवणारा कामगार मात्र बँकेची स्टेटमेंट घेऊन शेंगेन व्हिसाच्या रांगेत उभा असतो. रांगेचं दुःख आपल्याला नवीन नाही, पण साठ वर्षांपूर्वी 'तुम्ही आमचेच' असं आपल्याला कुणी म्हटलं नव्हतं.

यानंतर सगळा खेळ उलटा झाला. २००२ मध्ये एर्दोआन यांचा पक्ष सत्तेवर आला. धार्मिक वळणाचा, टोपी-हॅटच्या भांडणात हरलेल्यांचा वारसा सांगणारा. देशाला युरोपच्या सगळ्यात जवळ नेलं ते यांनीच. कारण सरळ होतं. १९६०, १९७१, १९८०, १९९७, चार वेळा लष्कराने निवडून आलेल्यांना बाजूला सारलं होतं. युरोपचे नियम आले की लष्कर बराकीत जाईल. म्हणजे हिजाबवाल्यांना लोकशाहीसाठी युरोप हवा होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या युरोपीय पेहराव करणाऱ्या धर्मनिरपेक्ष वर्गाला युरोपबद्दल शंका येऊ लागली. कुर्दांनाही आशा होती. 'युरोपीय संघाचा रस्ता (कुर्दबहुल) दियारबाकिरवरून जातो' हे वाक्य माजी पंतप्रधान मेसुत यिल्माझ यांनी १९९९ मध्येच उच्चारलं होतं. फाशी रद्द झाली, कुर्दी प्रसारणाला परवानगी मिळाली. ३ ऑक्टोबर २००५ ला सभासदत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच दिवशी क्रोएशियाच्याही झाल्या. क्रोएशिया २०१३ मध्ये आत गेला. तुर्कस्तानच्या वाटाघाटींतली ३५ पैकी १६ प्रकरणं, म्हणजे विषय, उघडली आणि एकच, विज्ञान व संशोधनाचं, तात्पुरतं पूर्ण झालं.

बिनसलं दोन्हीकडून. ग्रीक आणि तुर्की अशा दोन भागांत विभागलेल्या सायप्रसमध्ये २००४ च्या सार्वमतात एकीकरणाला तुर्की सायप्रियटांनी होकार दिला, ग्रीक सायप्रियटांनी नकार. आठवड्याभराने सभासदत्व मिळालं नकार देणाऱ्यांना, आणि मग त्यांच्या हाती नकाराधिकारही आला. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार द'एस्तां यांनी २००२ मध्येच सांगून टाकलं होतं की तुर्कस्तान युरोपीय देशच नाही, त्याला घेतलं तर संघ संपेल. जर्मनीच्या मर्केल 'विशेष भागीदारी' देऊ करत होत्या. लग्नाला नाही म्हणून राखी बांधायला येण्यासारखंच ते. साडेआठ कोटींचा, बहुसंख्य मुसलमान देश आत आला तर युरोपीय संसदेत जर्मनीच्या बरोबरीचा होईल, ही धास्तीही होतीच. तुर्कस्तानातल्या विद्यापीठांतल्या हिजाबबंदीविरुद्ध एक वैद्यकीय विद्यार्थिनी स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेली होती, २००५ मध्ये तिथे ती हरली. धार्मिक वर्गाचा युरोपवरचा विश्वास त्या निकालाने बराच उडाला. आणि अंकाराकडून? पत्रकार तुरुंगात जाऊ लागले, २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर तर धरपकडीला सुमार राहिला नाही. २०१८ मध्ये संघाने वाटाघाटी ठप्प झाल्याचं मान्य केलं. उस्मान कावाला या कार्यकर्त्याला सोडा, असं स्ट्रासबर्गने २०१९ मध्ये सांगितलं. सरकारने ते मानलं नाही आणि २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. दोष एकट्या ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि जे खरोखर युरोपातच राहतात, ते तुर्क? १९६१ च्या करारानुसार कामगार म्हणून जर्मनीला गेलेल्यांची आता तिसरी-चौथी पिढी आहे, तुर्की मुळाचे जवळपास तीस लाख लोक. जर्मनीत ते 'तुर्क' असतात आणि सुट्टीत गावी आले की 'अल्मांजी', जर्मनीवाले. विश्वचषक जिंकलेला, जर्मनीतच जन्मलेला फुटबॉलपटू मेसुत ओझिल २०१८ मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना म्हणाला, आम्ही जिंकलो की मी जर्मन, हरलो की मी स्थलांतरित.

इस्तंबूलमध्ये रोज लाखो लोक आशियातून युरोपात कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. कादिकॉयहून एमिनोनूला जाणाऱ्या फेरीबोटीला वीसेक मिनिटं लागतात, चहाचा एक पेला संपेतो. 'युरोपला चाललो' असं त्यातलं कुणी म्हणत नाही. ते म्हणतात 'कार्शीया', पलीकडे. आणि युरोपच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला आशियाकडे जायचं असेल, तर तोही तेच म्हणतो, कार्शीया.